अंगणातला कललेला आंबा: पोळ्यापासून फाल्गुनापर्यंत

झाड केशरचं कलम, खोड मनगटापेक्षा जरा जाड. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात पूर्वेकडे कललं आणि तसंच वाढत राहिलं. आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या बाजूला. इथे पावसाळी वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो आणि माती काळी, भारी. आठ दिवसांची झड लागली की ती फुगून इतकी मऊ होते की पानांनी भरलेलं झाड वाऱ्यानं सहज ढळतं.

झाड ओढून सरळ करायला तार-दोरी हाती घेण्याआधी एवढं बघून घ्या: वाकलंय ते खोड की ढळलाय तो मुळांचा गड्डा? खोड धरून हलवा आणि नजर जमिनीवर ठेवा. बुडाजवळची माती हलत असेल, वाऱ्याच्या बाजूला उंचवटा आला असेल, तर गड्डा ढळलाय. माती जागची हलत नसेल आणि खोडच उजेडाकडे वळून वाढलं असेल, तर ओढून काही होत नाही. सोडलं की पुन्हा जागेवर. माझा आंबा पहिल्या प्रकारचा. पश्चिमेकडचा उंचवटा पायाला लागत होता.

पोळा झाल्यावर

गवंड्याचा ओळंबा आणला. एक मीटर उंचीवर खोडाला दोरी टेकवली तर लोलक बुडापासून 30 सेंमी दूर पडला, म्हणजे साधारण 17 अंश. नजरेवर भरवसा ठेवू नका, रोज बघून तिरकंही सरळ दिसायला लागतं.

ओढायच्या आधी खणायचं, आणि बहुतेक जण नेमकं हेच सोडतात. झाड पूर्वेला पडतं तेव्हा पश्चिमेची मुळं उचलली जातात आणि त्यांच्याखालच्या पोकळीत पावसाचा गाळ बसतो. तो गाळ तसाच ठेवून ओढलं तर मुळांना खाली बसायला जागाच नसते; मग ताण सगळा खोडावर येतो. मी पश्चिमेच्या मुळांखालून खुरप्यानं आणि हातानं माती काढली. जाड मुळं उघडी पडली, पण एकही तोडलं नाही.

खुंट्याचं काय? ओल्या काळ्या मातीत ठोकलेला लोखंडी अँगल ताण बसला की हळूहळू सरकत बाहेर येतो. त्यापेक्षा पश्चिमेला चर खणून बाभळीचं ओंडकं आडवं पुरलं, त्याच्या मधोमध तार बांधली आणि वर माती धुमसून भरली. ते तसूभर हललेलं नाही. तार जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी), कारण नायलॉनची दोरी ताणते आणि रात्रीतून ढिली पडते. मध्ये टर्नबकल, म्हणजे फिरवलं की तार ताणणारा स्क्रू. खोडाभोवती ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची रुंद पट्टी, झाडाच्या उंचीच्या निम्म्याहून थोडी वर. कलमाच्या जोडाच्या आसपास काही बांधू नये.

शेजारचे काकाजी कुंपणावरून बघत होते. "काऊन बाप्पा, झाडाले फाशी देऊन राहिला का?" मी म्हटलं, "काकाजी, फाशी नाही, उठवून राहिलो." वासरू अडकू नये म्हणून तारेला लाल चिंधी बांधायचं मात्र त्यांनीच सुचवलं.

माती वाफशावर असताना टर्नबकल फिरवलं. मुळाचा कट्ट आवाज आला की थांबायचं, पुन्हा पाऊस पडून माती मऊ होईपर्यंत हात लावायचा नाही. पहिल्या ताणात 30 चे 22 झाले.

हस्ताचा पाऊस

चांगला पडला. 22 वरून 14.

दिवाळीच्या आधी

आळ्यात पाणी सोडून माती भिजवली आणि शेवटचा ताण दिला. 9 वर आलं आणि तिथेच थांबलो. घरच्यांना वाटलं कंटाळलो. तसं नाही. झाडाला गुरुत्वाकर्षण कळतं. त्याच्या पेशींतले स्टार्चचे जड कण खालच्या बाजूला बसतात, त्यावरून खाली कोणतं ते त्याला समजतं. आंब्यासारख्या रुंद पानांच्या झाडात कललेल्या खोडाच्या वरच्या अंगाला ओढून धरणारं लाकूड तयार होतं (पाइनसारख्या सूचिपर्णी झाडात ते खालच्या अंगाला येऊन ढकलतं). वर्षभरात माझ्या आंब्याचा शेंडा असा आपला आपण सरळ झाला होता. बूड पूर्ण ओळंब्यात आणलं असतं तर शेंडा पश्चिमेला झुकला असता. बुडाशी थोडा बाक राहिला तरी माथ्याचा भार बुडावर आला, मला तेवढंच हवं होतं.

संक्रांतीनंतर

काळ्या मातीची दुसरी खोड आता दिसते: सुकली की भेगा. भेग नव्या बारीक मुळांमधून गेली की ती तुटतात. म्हणून आळ्यात सोयाबीनच्या कुटाराचा जाड थर घातला आणि माती पूर्ण सुकू देत नाही. कुटार खोडापासून वीतभर लांब, नाहीतर उधई लागते.

पूर्वेच्या दोन फांद्या कमी केल्या, कापांवर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावली (मोरचूद 1 किलो, चुना 1 किलो, पाणी 10 लिटर, मी याच प्रमाणात थोडीच केली). मोहर आला तोही खुडला. यावरून घरात बोलणी बसली, पण फळांचा भार यंदा नको.

तार थोडी सैल केली. घट्ट बांधलेलं खोड बुडाशी जाड होत नाही. वाऱ्यानं थोडं डोललं की होतं. पट्टी सरकवून खाली बघितलं, साल शाबूत आहे.

फाल्गुन

ओळंबा 9 वरच. बुडाशी माती हलत नाही. पश्चिमेकडे नवी पालवी जास्त दिसते. खरी परीक्षा अवकाळीच्या वावटळीत आणि पुढच्या पावसाळ्यात. तोवर तार सैलच, पण जागेवर. पुढच्या पोळ्याला काढायची.

गोठ्यामागचा शेवगाही कललाय, त्यालाही असंच करणार का, असं पुतण्या विचारत होता. शेवग्यावर तार वाया घालवायची नाही. शेंगा उतरल्या की कंबरेएवढा छाटायचा, नवीन फुटवे सरळच येतात.