कळवलं तर पुढे काय?

आज सोसायटीच्या ऑफिसात मका आणि दुधवाल्या शेतकऱ्यांची बैठक होती. विषय पीक-जनावरांच्या रोगांचे कायदे. कंटाळवाणा वाटेल, पण माणसं तावातावाने बोलली.

पिकांवरच्या किडींचा आपला मूळ कायदा 1914 चा. 2013 मध्ये लोकसभेत कृषी जैवसुरक्षा विधेयक आलं, पिकं, जनावरं, मासे सगळ्यांसाठी एकच प्राधिकरण उभारणारं. ते मंजूर होण्याआधीच लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळलं. मग 2018 मध्ये मका फस्त करणारी लष्करी अळी कर्नाटकात सापडली, त्याच वर्षी आपल्या सोलापुरातही. एक दादा म्हणाले, "अळी अमेरिकेची. बांधापर्यंत आली तोवर अडवायला कोण होतं? फवारणीचा खर्च मात्र आमचा."

खरी गाठ लम्पीवर, म्हणजे गाईगुरांच्या त्या साथीच्या त्वचारोगावर बसली. 2022 ला जनावरांचे बाजार बंद झाले, ते योग्यच होतं. पण एक मावशी म्हणाल्या, "रोग कळवायला माझी ना नाही बाई. कळवल्यावर माझी गाय, माझं दूध, त्याचं कोण बघणार?" जनावरांच्या 2009 च्या कायद्यात मालकाने रोग कळवणं बंधनकारक आहे. मला मनापासून वाटतं, तितक्याच ठाम शब्दांत भरपाई देण्याची मुदतही कायद्यातच हवी, दरवेळच्या शासन निर्णयावर सोडलेली नको. भरपाईची खात्री नसेल तर लोक रोग लपवतात, आणि तो शेजारच्या गोठ्यात जातो.

पुढच्या ग्रामसभेत हाच ठराव मांडायचं ठरलंय. मसुदा मी लिहितेय. सूचना असतील तर कमेंटमध्ये जरूर सांगा.