सेंट पीटर स्ट्रीटवरचा बँड

ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्सला गाडीने साडेपाच तास लागतात. वाटेत अचाफलायाच्या दलदलीवरून जवळजवळ २९ किलोमीटरचा पूल आहे. खाली पाणी, पाण्यात उभी झाडं, आणि पूल काही केल्या संपत नाही. मी एकटीच निघाले होते, एका बँडसाठी.

माझे बाबा सांगलीजवळच्या आमच्या गावात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. लग्नसराईत एकेका दिवशी दोन-दोन सुपाऱ्या असायच्या. मग बँडमास्तर गेले, ट्रम्पेटवाले काका गेले, पोरं बँजो पार्टीकडे वळली आणि एका वर्षी सुपारी घ्यायला माणसंच पुरेनात. बाबांचं क्लॅरोनेट अजून कपाटात आहे. म्हणून माणसं बदलूनही साठ वर्षांवर वाजत राहिलेला प्रिझर्व्हेशन हॉलचा जॅझ बँड मला एकदा समोर बसून ऐकायचा होता.

प्रिझर्व्हेशन हॉल नावाला हॉल. फ्रेंच क्वार्टर या शहराच्या जुन्या भागातल्या ७२६, सेंट पीटर स्ट्रीटवरची ती एक जुनाट खोली आहे. रंग उडालेल्या भिंती, जुन्या वादकांची चित्रं, थोडी बाकं आणि पुढे जमिनीवर गाद्या. दारू मिळत नाही, माइक नाही, फोटो काढू देत नाहीत. मला अगदी पुढची गादी मिळाली. ट्रॉम्बोनची नळी पुढे आली की माझ्या गुडघ्याशी यायची. मी पाय आणखी पोटाशी घेतले.

ही मुळात लॅरी बोरेनस्टीन यांची चित्रांची गॅलरी. दुकान सोडून बाहेर गाणं ऐकायला जाता येईना, म्हणून त्यांनी म्हाताऱ्या वादकांनाच दुकानात बोलवायला सुरुवात केली. न्यू ऑर्लिन्सच्या या पहिल्या जॅझची तोवर फॅशन संपली होती. ज्यांनी ते घडवलं, त्यातले कितीतरी जण गोदीवर हमाली करत होते किंवा टपाल वाटत होते. १९६१ मध्ये मेक्सिकोहून हनिमून करून परतणारं ॲलन आणि सँड्रा जाफी हे पेनसिल्व्हेनियाचं जोडपं इथे थांबलं, हॉल चालवायला लागलं आणि इथलंच झालं. वर्णभेदाचे कायदे तेव्हा जिवंत होते. अशा काळात या खोलीत गोरे आणि काळे मांडीला मांडी लावून ऐकत होते. मला याचं फार मोल वाटतं.

बँडमधली ती पहिली पिढी बहुतेक साठी ओलांडलेलीच. पियानोवर स्वीट एमा बॅरेट, गुडघ्यांना घुंगरं बांधून वाजवणाऱ्या. १९६७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला, डावी बाजू लुळी पडली. त्या उजव्या हाताने वाजवत राहिल्या. विली हम्फ्री क्लॅरिनेटवर, धाकटे भाऊ पर्सी ट्रम्पेटवर. त्यांचे आजोबा जेम्स हम्फ्री मळ्यांवर जाऊन काळ्या मजुरांना वाजवायला शिकवायचे. विली १९९४ मध्ये गेले, पर्सी १९९५ मध्ये, दोघांनीही नव्वदी पार केली होती. पहिल्या फळीतले शेवटचे नार्विन किंबॉल. हे कित्येक वर्षं पोस्टमन होते आणि बँजो वाजवायचे. कॅटरिना वादळानंतर त्यांना गाव सोडावं लागलं आणि २००६ मध्ये ते परगावीच वारले.

इतके गेल्यावर बँड बसायला हवा होता. आमचा तर त्याहून कमी माणसं जाऊन बसला. इथे मात्र म्हातारा वाजवत असतानाच शेजारी कोणीतरी तरुण बसलेला असायचा. ॲलन स्वतः ट्यूबा वाजवायचे. ते १९८७ मध्ये गेले. मुलगा बेन १९९३ मध्ये कॉलेज संपवून घरी आला आणि बँडमध्ये उभा राहिला. ट्रम्पेटवाले जॉन ब्रुनियस २००८ मध्ये गेले, तेव्हा ट्रम्पेट त्यांच्या भाच्याकडे, मार्क ब्रॉडकडे आलं. चार्ली गेब्रियल तर उलट्या वाटेने आले. दुसऱ्या महायुद्धात मोठी माणसं लढाईवर गेली, तेव्हा अकरा वर्षांचा हा मुलगा ब्रास बँडमध्ये त्यांच्या जागी क्लॅरिनेट वाजवत होता. पुढे डेट्रॉइटला गेला आणि सत्तरी उलटल्यावर, वादळानंतर, या बँडमध्ये आला. आता दौऱ्यावर जाणारा बँड वेगळा आणि हॉलमध्ये रोज रात्री वाजवणारे वेगळे. पन्नासच्या वर वादकांतून त्या त्या रात्रीची माणसं ठरतात.

त्या रात्री क्लॅरिनेटवर एक म्हातारे गृहस्थ होते. सुरू होण्याआधी त्यांनी रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाला लावायची पातळ पट्टी, जिभेवर धरून ओली केली, नळीवर बसवली, अंगठ्याच्या नखाने अगदी केसभर वर सरकवली आणि स्क्रू आवळला. बाबा वरात निघण्याआधी नेमकं हेच करायचे. माझ्या घशात काहीतरी दाटून आलं. मग ट्रम्पेटवरच्या तिशीतल्या मुलाने चाल धरली, ट्रॉम्बोन खालून घसरत आला आणि क्लॅरिनेट दोघांच्या वरून भिरभिरत निघालं. तिघं एकाच वेळी बोलत होते, तरी कोणी कोणाचं तोडत नव्हतं. मधेच मुलगा एके ठिकाणी घाईने पुढे गेला. म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, फक्त एक सूर लांबवला, आणि तो परत जागेवर आला. पाऊण तास कधी संपला कळलं नाही.

रात्री बाबांना फोन केला. त्यांच्याकडे सकाळ झाली होती. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "रीड कितीची होती?"

रीड किती कडक ते तिच्या आकड्यावरून कळतं. मी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या रात्रीचं तिकीट काढलं, पुन्हा रांगेत उभी राहिले. क्लॅरिनेटच्या खुर्चीवर आज कालचे आजोबा नव्हते, माझ्याच वयाची एक बाई होती. वाजवणं संपल्यावर ती वाद्याचे तुकडे सोडवून पुसत होती, तेव्हा विचारलं. तिने रीड उलटी करून मला आकडाच दाखवला.

"अडीच," मी बाबांना सांगितलं.

"आणि त्या म्हाताऱ्याची?"

"ते आज नव्हते, बाबा."

"मग परत जाशील तेव्हा विचार."