तुम्ही विचारलंत म्हणून: स्पॅनिशसाठी कथा-कादंबऱ्या कशाला?

"बी-२ पर्यंत पोचलेय, पण आता पुढे सरकत नाही. तुम्ही साहित्य वाचा म्हणता. पण आधी भाषा पक्की व्हायला नको का?" हा प्रश्न मला सतत येतो. (बी-२ म्हणजे भाषा शिकण्याच्या ए-१ ते सी-२ अशा सहा पायऱ्यांतली चौथी.) कधी शब्द वेगळे असतात, पण मागची काळजी तीच. प्रत्येकाला घाईघाईत दोन ओळींचं उत्तर देते आणि नंतर हळहळते. म्हणून एकदा नीट लिहिते.

माझं मत ठाम आहे. बी-२ नंतर साहित्य हाच अभ्यासक्रम.

बी-२ला एक विचित्र गोष्ट होते. लोकांना आपलं बोलणं समजायला लागतं. समोरचा मान डोलावतो, काम होतं, आणि आपण आपल्या त्याच पाचपन्नास ठरावीक वाक्यरचनांमध्ये फिरत राहतो. मी त्या काळात शब्दांच्या याद्या पाठ केल्या, सबजंक्टिव्हचे, म्हणजे इच्छा-विनंती-शंका सांगणाऱ्या क्रियापदरूपांचे तक्ते घोकले, क्रियापदांची रूपं झोपेतही सांगता येतील इतकी तयार केली. एकदा मी लिहिलेला निबंध माझ्या मेक्सिकन बाईंनी वाचला आणि म्हणाल्या, "यात एकही चूक नाही. पण हा कुणाचा आहे ते कळत नाही." मला फार लागलं ते. पुढच्या तासाला त्यांनी व्याकरणाचं पुस्तक बाजूला ठेवलं आणि मेक्सिकन लेखक हुआन रुल्फोची एक कथा हातात दिली.

ती कथा म्हणजे 'दीलेस के नो मे मातेन'. 1953 साली आलेल्या 'एल यानो एन यामास' या संग्रहातली. नावाचा अर्थ साधारण असा: "मला मारू नका म्हणावं त्यांना." एक म्हातारा फार जुन्या खुनापायी धरला गेलाय, खांबाला बांधलाय, आणि मुलाला विनवतोय की जा, त्या लोकांशी बोल. मुलगा जायला कचरतो. तिथला सार्जंट काही ऐकून घ्यायला तयार नाही म्हणतो. त्यावर म्हातारा एका दमात दोन वाक्यं बोलतो. दोन्हींत 'दीले के' आहे, म्हणजे "त्याला सांग की". पहिल्यात पुढचं क्रियापद साध्या रूपात येतं: घाबरवायचं तेवढं घाबरवून झालं, आता पुरे, असं सांग त्याला. दुसऱ्यात क्रियापद सबजंक्टिव्हमध्ये जातं: देवाच्या दयेखातर एवढं कर म्हणावं.

मी तिथं थांबले. पुस्तकात हा नियम मी किती वेळा वाचला होता. 'देसीर' म्हणजे सांगणे. त्यानंतर माहिती असेल तर इंडिकेटिव्ह, म्हणजे साधं रूप, आज्ञा किंवा विनंती असेल तर सबजंक्टिव्ह. परीक्षेत याचे गुणही मिळवले होते. पण ही दोन वाक्यं लागोपाठ वाचताना कळलं की हा नियम मला लहानपणापासून येतो. "ती येतेय असं सांग" आणि "तिला ये म्हणावं" यात आपण कधी गोंधळतो का? पहिल्यात निरोप आहे, दुसऱ्यात गळ घालणं. आपण ते 'असं सांग' आणि 'म्हणावं'ने करतो, स्पॅनिश क्रियापदाचं रूप बदलून करते. त्या दिवसानंतर 'दीले के' म्हणताना मला तक्ता आठवत नाही. तो म्हातारा आठवतो.

मराठी माणसाला स्पॅनिश वाचताना असे धक्के बरेच बसतात, आणि मला वाटतं हे आपलं मोठं भांडवल आहे. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं', रचना जवळपास तीच. इंग्रजीच्या वाटेने गेलं की ती उलटी वाटते. 'से मे कायो' म्हणजे 'माझ्या हातून पडलं'. पाडलं नाही, पडलं. 'आउन्के युएबे' म्हणजे पाऊस पडतोय तरी, आणि 'आउन्के युएबा' म्हणजे पाऊस पडला तरी. हा फरक इंग्रजीतून शिकवायला पानभर लागतं. आपण फक्त मराठीत म्हणून बघायचं.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते एका चुकीने. माझी एक पद्धत आहे, ती आधी सांगते. एखादा छोटा उतारा घ्यायचा, मराठीत उतरवायचा, आठवडाभर वही मिटून ठेवायची. मग मूळ न बघता मराठीवरून परत स्पॅनिश लिहायचं आणि शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. वेळखाऊ आहे, पण जिथे जिथे फरक पडतो तिथे आपली भाषा कुठे पातळ आहे ते स्वच्छ दिसतं.

रुल्फोच्याच 'पेद्रो पारामो' या 1955च्या कादंबरीचं पहिलं वाक्य मी असं केलं होतं. एक मुलगा सांगतोय की तो कोमाला या गावी का आला, तर त्याचा बाप तिथं राहतो असं त्याला कळलं म्हणून. माझं मराठी झालं: "मी कोमालाला गेलो, कारण माझा बाप तिथं राहतो असं मला सांगण्यात आलं होतं." आठवड्यानंतर त्यावरून स्पॅनिश केलं, तेव्हा साहजिकच 'फुई' आलं, म्हणजे गेलो, आणि 'अया' आलं, म्हणजे तिथं. मूळ उघडलं तर तिथं होतं 'बिने', आलो. आणि 'अका', इथं.

बाईंनी एवढंच विचारलं, "बोलणारा आत्ता कुठे आहे?"

तो कोमालातच आहे. तिथूनच तो बोलतोय. तो तिथून का बोलतोय, हे कादंबरीच्या मध्यावर उलगडतं. मी ते इथं सांगणार नाही, कारण त्या पानावर पोचल्यावर अंगावर जो काटा येतो तो तुमचा तुम्हाला यायला हवा. पण तो काटा त्या पहिल्याच वाक्यात, 'आलो' आणि 'इथं' या दोन शब्दांत पेरलेला आहे, आणि मी भाषांतर करताना नेमके तेच दोन उपटून टाकले होते. नंतर कळलेली गोष्ट तर मला अजून थक्क करते. 1954 साली रुल्फोने या कादंबरीचा एक भाग नियतकालिकात छापला होता. त्यात गावाचं नाव वेगळं, बापाचं नाव वेगळं, आणि वाक्य सुरू होतं ते 'फुई'ने. पुढे 'अया'. म्हणजे लेखकानेही आधी 'गेलो, तिथं' असंच लिहिलं होतं. वर्षभरात त्याने ते 'आलो, इथं' केलं.

तुम्ही मला विचारता ना, सी-१ म्हणजे नक्की काय? परीक्षेची व्याख्या वेगळी असेल, पण माझ्यासाठी ते हे आहे. 'फुई' आणि 'बिने' दोन्ही बरोबर असताना इथं कुठलं आणि का, हे जाणवणं. त्याच वाक्यातला 'उन ताल' बघा. 'कुणी एक पेद्रो पारामो'. जो माणूस आपल्याला माहीत नाही त्याच्या नावाआधी लावायचे हे शब्द मुलगा स्वतःच्या बापाला लावतो. ऐकीव बाप. हे बातम्यांमधून शिकता येत नाही, कारण तिथं शब्द इतका निवडून ठेवलेला नसतो. बोलण्यातून येतं, पण बोलणं निसटून जातं; कागदावरचं वाक्य मात्र दहा वेळा थांबवता येतं.

हा विचार काही माझा एकटीचा नाही. स्पॅनिश अकादमी 1713 साली स्थापन झाली. 1726 ते 1739 या काळात तिने सहा खंडांचा पहिला कोश काढला, आणि त्यात शब्दांना आधार म्हणून लेखकांची वाक्यं दिली. म्हणूनच तो 'आउतोरिदादेस'चा, म्हणजे प्रमाणभूत आधारांचा कोश म्हणून ओळखला जातो. शब्दाचा अर्थ काय, तर चांगल्या लेखकाने तो असा वापरलाय, बघा.

आता काही जण लगेच सेर्वान्तेसची 'दोन किहोते' ही जुनी कादंबरी उघडतात ('दोन' म्हणजे इथं आकडा नव्हे, नावाआधीचा मान). कृपा करून नको. 1605 आणि 1615 मधली ती भाषा आहे. आज ज्याला 'उस्तेद' म्हणतात, म्हणजे आदरार्थी 'तुम्ही', ते तिथं अजून 'बुएस्त्रा मेर्सेद' आहे. थोडी वर्षं थांबा. मग मात्र नक्की वाचा, दोन किहोतेचा सेवक सांचो याच्या म्हणींसाठी तरी. तो इतक्या म्हणी ओततो की दोन किहोते वैतागून त्याला समज देतो, आणि सांचो उत्तरातही म्हणीच देतो. म्हणींवर वाढलेल्या मराठी वाचकाला तो घरचाच वाटेल.

सुरुवातीला छोट्या कथा घ्या. नाटकंही फार चांगली, कारण ती मोठ्याने वाचता येतात. स्पॅनिश नाटककार लोर्काचं 'ला कासा दे बेर्नार्दा आल्बा' (बेर्नार्दा आल्बाचं घर) मी एकटीने सगळ्या पात्रांचे आवाज काढून वाचलंय. 1936 साली लिहिलेलं, आणि रंगमंचावर एकूण एक बायकाच. बेर्नार्दाचा पहिला शब्द आणि शेवटचा शब्द एकच आहे, "शांतता!" तो पहिल्यांदा कसा म्हणायचा आणि शेवटी कसा, हे ठरवताना भाषा घशात उतरते.

साहित्याने सगळं होतं असं मी म्हणणार नाही. कान तयार होत नाही, त्यासाठी माणसांशी बोलावंच लागतं. आणि पुस्तकातलं सगळं तोंडी वापरायचं नसतं. कोलंबियन लेखक गार्सिया मार्केसच्या 1967च्या 'सिएन आन्योस दे सोलेदाद' (एकांताची शंभर वर्षं) या कादंबरीच्या पहिल्या वाक्यात कर्नलला ती दूरची दुपार 'आठवणार होती', त्याला 'आबिया दे रेकोर्दार' आहे. बोलताना तिथं साधं 'इबा आ रेकोर्दार' येईल. अर्जेंटिनाच्या कादंबऱ्यांत 'तू तिएनेस' (तुझ्याकडे आहे) याच्या जागी 'बोस तेनेस' दिसेल. ते चुकीचं नाही, तिकडचं आहे. वाचताना कोण, कुठला, कधीचा हे वहीच्या कडेला लिहून ठेवा, म्हणजे मिसळ होत नाही.

आणि शब्दकोश सारखा उघडू नका. पहिल्या वाचनात अजिबात नाही. दुसऱ्या वाचनात जो शब्द अडवेल तेवढाच.

कुठून सुरुवात करू, असं विचाराल तर आउगुस्तो मोन्तेरोसो या लेखकाच्या 'एल दिनोसाउरिओ'पासून. 1959 साली पुस्तकात आलेली ही कथा फक्त सात शब्दांची आहे: 'क्वांदो देस्पेर्तो, एल दिनोसाउरिओ तोदाविया एस्ताबा आयी.' जाग आली तेव्हा डायनासोर अजून तिथंच होता. दोन भूतकाळ ज्यांना वर्षानुवर्षं छळतात ते दोन्ही इथं आहेत. 'देस्पेर्तो' घडून संपलं. 'एस्ताबा' चालूच आहे. आणि एक 'तोदाविया', अजून, ज्यामुळे आधी काहीतरी होऊन गेलंय हे कळतं.

आता हे मराठीत करून बघा. 'तो उठला' म्हणालात तर पुरुष झाला. 'ती उठली' म्हणालात तर बाई. स्पॅनिश क्रियापद यातलं काहीच सांगत नाही. 'जाग आली' म्हटलं की लिंग लपतं, पण मग ती जाग मलाच आली असंही कुणी वाचेल, आणि स्पॅनिशमध्ये ती वाट बंद आहे. ते दुसऱ्याच कुणाचं तरी आहे. माझ्या वहीत या वाक्याखाली चार मराठी ओळी आहेत आणि चारही खोडलेल्या आहेत. तुम्ही पाचवी करून बघा. चार दिवस लागले तरी चालतील. मग रुल्फो उघडा.