दौलताबादच्या दरवाज्यात, बाबासाहेबांचं लिखाण हातात घेऊन

मराठवाड्यात शाळा शिकलेल्या माणसाची एक तरी सहल दौलताबादला गेलेली असते. देवगिरीचे यादव, तुघलकाने दिल्लीहून इकडं आणलेली राजधानी, मेंढा तोफ, अंधारी म्हणजे ती काळोखी भुयारी वाट, चिनी महालात कैदेत ठेवलेला गोवळकोंड्याचा तानाशाह, एवढं आपल्याला पाठ असतं. पण १९३४ साली याच किल्ल्याच्या दरवाज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अडवलं होतं, तेही हातपाय धुतले म्हणून, हे मला ना शाळेत कुणी सांगितलं ना कुठल्या गाईडने. ते कळलं बाबासाहेबांच्याच ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींच्या पुस्तिकेतून. तेव्हापासून डोक्यात होतं की ती पानं एकदा तिथंच बसून वाचायची.

यंदा जानेवारीत नामविस्तार दिनाला (मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं तो दिवस, १४ जानेवारी) जोडून योग आला. सोबत मामा होते. मामा सत्तरीच्या पुढचे, मिलिंद कॉलेजला शिकलेले. परभणीहून एसटीने छत्रपती संभाजीनगर, तिथून वेरूळकडं जाणारी गाडी, छावणी मागं पडली, पडेगाव, मिटमिटा करत गाडी निघाली आणि लांबून तो शंकूसारखा डोंगर दिसायला लागला की मामा म्हणले, “बघ, बाबासाहेब यायले होते ते दुसऱ्या अंगानं, नाशिककडून.”

बरोबर आहे. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी हट्ट धरला की कुठंतरी फिरायला जाऊ, तुम्ही पण चला. वेरूळची लेणी काही झालं तरी बघायचीच असं ठरलं. बाबासाहेब नाशिकला आले, तिथून साधारण तीस जण, भाड्याच्या बस आणि गाड्या, येवल्यावरून औरंगाबादकडं. (याच येवल्यात पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा झाली.) आणि दौऱ्याची बातमी त्यांनी मुद्दाम कुठं फोडलेली नव्हती. कारण अस्पृश्य माणूस पर्यटक म्हणून आडगावातून जायला लागला की काय काय होतं ते त्यांना माहीत होतं. कोलंबिया आणि लंडनहून शिकून आलेला, गोलमेज परिषदेत बोलून आलेला बॅरिस्टर, आणि स्वतःच्या मुलखात लेणी बघायला गुपचूप निघतो, हे वाचून मी पहिल्यांदा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

फक्त मुक्कामाच्या ठिकाणच्या आपल्या लोकांना निरोप होते. दौलताबादचे लोक वेशीपाशी वाट बघत थांबलेले. म्हणले आधी उतरा, चहा-फराळ करा, मग किल्ला बघा. बाबासाहेब लिहितात की चहाची फार गरज होती, पण अंधार पडायच्या आत किल्ला बघून व्हायला पाहिजे, म्हणून येताना घेऊ असं सांगून गाड्या पुढं काढल्या.

रमजानचा महिना होता. दरवाज्याबाहेर एक छोटा हौद, काठोकाठ भरलेला, भोवती रुंद दगडी फरसबंदी. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले, काही जणांनी तोंड धुतलं, पाय धुतले आणि आत गेले. पहारेकऱ्यांना परवानगीचं विचारतच होते तेवढ्यात मागून पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे ओरडत आले की ढेडांनी हौद बाटवला. बघता बघता गर्दी, शिव्या, हे लोक माजले म्हणून आरडाओरडा. बाबासाहेबांनी सांगितलं आम्ही बाहेरगावचे, इथली रीत माहीत नाही. मग तो राग वळला दौलताबादच्याच दलितांवर, जे तोपर्यंत मागून दरवाज्यापाशी पोचले होते. तुम्ही यांना सांगितलं का नाही म्हणून!

हा भाग मी किल्ल्याच्या पायथ्याला एका कट्ट्यावर बसून मामांना मोठ्याने वाचून दाखवला. शाळेच्या सहलीच्या रांगाच्या रांगा शेजारून चाललेल्या, पेरूवाल्यांच्या हाका, सेल्फी. मामा मधेच म्हणले, “थांब. ती गावातली माणसं. हे तर संध्याकाळी निघून जाणार, त्यांना तर तिथंच राहायचं होतं ना.” खरं सांगतो, मी हा लेख अनेकदा वाचलाय पण माझं लक्ष कायम बाबासाहेबांवरच असायचं. बाबासाहेबांनी मात्र तेव्हाच लिहून ठेवलंय की ते बिचारे आम्ही हौदाकडं गेलो तेव्हा तिथं नव्हतेच, त्यांचा काही दोष नव्हता. तरी शिव्या त्यांनीही खाल्ल्या. आणि ज्यांनी चहा करून ठेवला होता तेच हे लोक, त्या चहाचं पुढं काय झालं हे लेखात येत नाही.

शेवटी बाबासाहेबांचा संयम सुटला. त्यांनी विचारलं, तुमचा धर्म हेच शिकवतो का, उद्या हा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला या पाण्याला शिवू देणार नाही का? समोरचे गप्प. मग किल्ला बघायची परवानगी मिळाली, पण सोबत एक हत्यारबंद शिपाई दिला, आत कुठंही पाण्याला हात लावू नये म्हणून.

आता आत जाऊन बघा. हत्ती हौद केवढा मोठा आहे, सरस्वती बारव, कड्याखालचा खंदक. हा किल्ला उभाच आहे पाण्याच्या सोयीवर. तिथून सगळं बघत चालायचं आणि शेजारी बंदूकवाला. हत्ती हौदाच्या काठावर मला हे सगळ्यात जास्त टोचलं.

कुणी या प्रकरणाचा वापर एका समाजाकडं बोट दाखवायला करत असेल तर त्याने बाकीची पानं पण वाचावीत. १९०१ सालच्या मसूर स्टेशनच्या आठवणीत भरला डबा जवळ असून पाणी नाही म्हणून पोरं उपाशी झोपतात. बडोद्याला पारशी खानावळीतून हाकलायला काठ्या घेऊन लोक येतात, आणि त्या दिवशी आसरा मागितला तर हिंदू मित्र आणि ख्रिश्चन मित्र दोघंही टाळतात. हे सगळं त्यांनी परदेशी वाचकाला समजावं म्हणून लिहिलं, साध्या इंग्रजीत, कुठं रडगाणं नाही. हयातीत ते छापलं गेलं नाही, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० ला पुस्तिका काढली.

दुपारी नागसेनवनात, म्हणजे मिलिंद कॉलेजच्या परिसरात गेलो. किल्ल्यापासून पंधराएक किलोमीटर असेल. या भागातून निजाम गेला १९४८ ला, आणि १९५० ला बाबासाहेबांच्या याच सोसायटीने इथं हे कॉलेज सुरू केलं. १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते कोनशिला बसली. ज्या जिल्ह्यात हौदावरून शिव्या खाल्ल्या तिथंच त्यांनी माळ घेऊन इमारती उभ्या केल्या, झाडं लावली. हे मला कुठल्याही भाषणापेक्षा मोठं उत्तर वाटतं, आणि आमचं अख्खं घर त्या उत्तरातून उभं राहिलंय म्हणून हे मी जरा जास्तच जीव तोडून लिहितोय.

मामांनी होस्टेलची जागा दाखवली. म्हणले, “गावात आम्हाला पाणी वरून ओतायचे, ओंजळ धरायची. इथं आलो, नळ दिसला, आपल्या हातानं सोडला अन् पोटभर पिलो. कुणी बघितलं बी नाही माझ्याकडं.” मग मेसचं, खोलीत पाच-सहा जण राहायचे त्याचं, लायब्ररीतल्या एका सरांचं असं बरंच बोलत राहिले, आणि मी मधे बोललो नाही.

१४ तारखेला विद्यापीठ गेटवर. नागसेनवनाला लागूनच आहे. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला, वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळेंना मारलं, आणि गेटवर बाबासाहेबांचं नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. मामा गेटवर डोकं टेकवायला रांगेत थांबले, मी पुस्तकांच्या स्टॉलकडं गेलो. तोबा गर्दी, निळे झेंडे, भीमगीतं, खेड्यापाड्यातून टेम्पो करून आलेल्या बाया, आणि प्रत्येकीच्या पिशवीत एखादं तरी पुस्तक.

जाणार असाल तर दौलताबादला सकाळी लवकर जा, उन्हात वरपर्यंत चढणं जीवावर येतं, आणि अंधारीत मोबाईलची बॅटरी चार्ज असू द्या. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ तासाभरात वाचून होतं, मराठी अनुवादही मिळतात. चढायच्या आधी दौलताबादचं प्रकरण तेवढं वाचा, सोबत पोरं असतील तर त्यांना वाचून दाखवा, आणि गाईड केलात तर त्यालाही सांगा.