फळबागेच्या अनुदानाला तुमचा विरोध आहे का?

पावसाळ्यात कोणाला सडा, म्हणजे आमच्या कोकणातलं कातळाचं उघडं पठार, दाखवायला नेलं की हा प्रश्न येतोच. मुंबईचे पाहुणे नाही विचारत, गाववालेच विचारतात.

विरोध नाही. 1990 साली रोजगार हमीला जोडून फळबाग लागवड योजना आली आणि रत्नागिरी-राजापूरकडच्या कितीतरी घरांत चार पैसे खेळायला लागले. आमची कलमंही त्यातलीच.

माझी तक्रार मोजणीबद्दल आहे. आताची भाऊसाहेब फुंडकर योजना घ्या. कोकणात 10 हेक्टरपर्यंत लागवड करता येते. अनुदान तीन वर्षांत मिळतं, 50, 30 आणि 20 टक्के, आणि पुढचे हप्ते कलमं किती जगली त्यावर. कलमं मोजतात, त्याआधी तिथे काय होतं, हे कोणी विचारत नाही. सातबाऱ्यावर सडा पोटखराब, म्हणजे लागवडीला निकामी, विषय संपला.

आणि जागा बघायची कधी, तर मे महिन्यात, जेव्हा कातळ करपून काळा पडलेला असतो. ऑगस्टमध्ये या. बोटभर मातीत सीतेची आसवं फुललेली असतात, निळीजांभळी, नखाएवढी. त्या मातीत कस नाही, म्हणून हे झाड बारीक जीव पकडून खातं. त्यासाठीच्या इवल्या पिशव्या मातीत दडलेल्या असतात. शेजारचा सपाट सुटा दगड उचला (आणि परत तसाच ठेवा), नशीब असेल तर खाली पांढऱ्या पट्ट्यांची छोटी पाल दिसेल. विज्ञानात तिची नोंद 1963 ची, रत्नागिरी परिसरातली.

बाग करायची म्हटली की पहिल्यांदा हेच सुटे दगड गोळा होतात, गडग्यासाठी, म्हणजे कुंपणाच्या दगडी बांधासाठी. मग कातळात सुरुंग, खड्ड्यात खालून आणलेली माती, मग खत, फवारण्या, मोहोरासाठी घालायचं कल्टार हे रसायन. सगळंच अनुदानातून होतं असं नाही, पैसेवाले पदरचे घालूनही सुरुंग लावतात. पण सडा म्हणजे वाया गेलेली जागा, हे डोक्यात पक्कं बसवलं ते योजनांनीच.

माझं म्हणणं इतकंच, की कातळावर नवी लागवड मंजूर करू नका. भरड जमिनीवर, जुन्या बागांच्या नूतनीकरणावर हवे तेवढे पैसे द्या. आणि सडा आहे तसा ठेवणाऱ्यालाही हेक्टरी काहीतरी द्या. शेजारचे काका म्हणतात, "पोटखराब राखायचे पैसे देतंय कोण?" बरोबरच आहे त्यांचं. आज कोणी देत नाही, म्हणून पुढच्या वर्षी तेही खड्डे मारणार आहेत.