लिनुमच्या रातथाऱ्यावर क्रौंचांची मोजदाद

बर्लिनच्या वायव्येस सुमारे ५० किलोमीटरवर, ब्रांडेनबुर्ग राज्यात, लिनुम हे लहानसे गाव आहे. बर्लिनच्या चुली आणि भट्ट्या पेटत्या राहाव्यात म्हणून अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत येथील दलदलीतून पीट, म्हणजे वाळवून जळण म्हणून वापरता येणारी कुजक्या वनस्पतींची माती, खणून नेले गेले आणि त्या खड्ड्यांत पुढे कार्प माशांची तळी झाली. उत्तर आणि ईशान्य युरोपातून फ्रान्स-स्पेनकडे निघालेले हजारो राखी क्रौंच सप्टेंबरअखेरपासून या परिसरात काही आठवडे मुक्काम करतात. ऑक्टोबरमध्ये मी तेथे गेलो तो त्यांची गणना कशी होते हे पाहण्यासाठी.

दिवसभर हे पक्षी कापणी झालेल्या मक्याच्या शेतांत सांडलेले दाणे टिपतात आणि सूर्यास्ताच्या सुमारास उथळ पाण्यातल्या रातथाऱ्यावर परततात, कारण भोवती पाणी असले की कोल्ह्याला चाहूल न देता जवळ येता येत नाही. त्यासाठी शरदात काही कुरणांत मुद्दाम पाणी अडवले जाते. गणक वेगवेगळ्या दिशांना उभे राहतात, म्हणजे एकच थवा दोनदा मोजला जात नाही. सुरुवातीच्या लहान रांगा एकेक पक्षी धरून मोजता येतात; पुढे आकाश भरून आले की आधी दहांचा गट नजरेत बसवायचा आणि त्याच मापाने शंभर, पाचशे असा अंदाज बांधायचा. अंधार पडल्यावर उरतो तो केवळ तुतारीसारखा आवाज, आणि आवाजावरून संख्या सांगता येत नाही. गोंदियाच्या सारस गणनेत एकेका जोडीची नोंद होते; तेथील सवय घेऊन येणाऱ्याला हा ठोकताळा सुरुवातीला बेफिकिरीचा वाटेल, पण सगळ्या रातथाऱ्यांवर एकाच संध्याकाळी, एकाच पद्धतीने मोजल्यामुळे वर्षावर्षांची तुलना करता येते.

मला स्वतःला सकाळचे काम अधिक मोलाचे वाटले. शेतात चरणाऱ्या थव्यांत पिल्ले किती आहेत हे दुर्बिणीतून पाहिले जाते. प्रौढाच्या मानेवर काळे-पांढरे पट्टे आणि डोक्यावर लाल डाग असतो, तर त्या वर्षीच्या पिल्लाचे डोके तांबूस-तपकिरी असते. जोडीबरोबर बहुधा एक, क्वचित दोन पिल्ले दिसतात. उन्हाळ्यात घरट्याभोवतालचे पाणी आटले, की त्याचा परिणाम या प्रमाणात लगेच उमटतो. एकूण संख्येत मात्र तो लपून राहतो, कारण क्रौंच दीर्घायुषी असतात.

पश्चिम युरोपच्या मार्गाने जाणारे क्रौंच गेल्या काही दशकांत अनेक पटींनी वाढले. संरक्षण, सौम्य हिवाळे आणि मक्याचा वाढता पेरा ही त्यामागची कारणे. तरीही एका रातथाऱ्यावर पक्षी वाढले म्हणजे सारे आलबेल आहे, असे मी मानत नाही; इतरत्र पाणी उरले नाही म्हणूनही ते एके ठिकाणी दाटतात. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये याच भागात बर्ड फ्लूची साथ आली आणि एक हजाराहून अधिक मृत क्रौंच गोळा करावे लागले.

जाणाऱ्यांनी ऑक्टोबरचा मध्य गाठावा. थव्यापासून निदान ३०० मीटर दूर राहावे आणि शक्यतो गाडीतूनच पाहावे, कारण माणूस खाली उतरला की पक्षी उडतात आणि पुढच्या प्रवासासाठी साठवलेली चरबी त्यात खर्च होते. थंडीची लाट ईशान्येचा वारा घेऊन आली, तर मात्र एका दिवसात बहुतांश थवे निघून गेलेले असतात.