आमची वाटचाल : आठ माणसांच्या वर्कशॉपात शिकवायचं कसं

आमचं वर्कशॉप हिंगणघाट तालुक्यात, रोडला लागून असलेल्या एका गावात आहे. वखर, डवरे, ट्रॅक्टरचे पंजे, ट्रॉलीची कामं, आणि दिवाळी झाली की जिनिंगवाल्यांचं, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यांचं, रिपेअरिंग. सुरू केलं तेव्हा मी आणि मामा दोघंच होतो. मामा म्हणजे आमचे हेड मिस्त्री, नात्यानं मामा नाही पण अख्खं गाव त्यांना मामाच म्हणते. एक वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर, एक ग्राइंडर, एक ड्रिल, एवढंच सामान होतं. आज आम्ही आठ जण आहो, लेथ आहे, मिग वेल्डिंग आहे. मशीन कुठून घेतली, लोन कसं झालं हे लोक नेहमी विचारतात आणि मी सांगतोही, पण मला माणसं कशी तयार केली ते सांगावं वाटते, कारण खेड्यातल्या वर्कशॉपचं घोडं तिथंच अडते.

मोठ्या कारखान्यात ट्रेनिंगला वेगळा माणूस असते, वेगळी जागा असते, नवीन पोट्टा महिनाभर नुसत्या भंगाराच्या पट्ट्या जोडत बसला तरी प्रॉडक्शन थांबत नाही. आमच्याकडे एक जण शिकायला बसला म्हणजे आठवा हिस्सा काम बंद, आणि शिकवणारा मामाच असला तं मंग अर्धं वर्कशॉपच बंद, तेही मे-जूनमधे जेव्हा पेरणीच्या तोंडावर शेतकरी दारात वखराची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, घेऊन उभा राहते. त्याला "पोराला शिकवणं चालू आहे, थांबा" असं कसं म्हणायचं?

कायद्यातही हा फरक दिसते. अप्रेंटिसचा, म्हणजे शिकाऊ उमेदवारांचा, कायदा 1961 चा, 2019 मधे त्याचे नियम बदलले. 30 किंवा जास्त माणसं असणाऱ्याला अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे, 4 ते 29 वाल्याच्या मर्जीवर आहे, आणि संख्या एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे 200 माणसांच्या सूतगिरणीत 5 पासून 30 पर्यंत पोरं बसतात, आणि आमच्या आठ जणात पुरे पंधरा टक्के धरले तरी एक. 2019 च्या नियमात आयटीआय झालेल्या पोराला महिन्याला कमीत कमी 7000 रुपये ठरले, आणि 2016 पासूनच्या नॅप्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिस योजनेत त्यातला पाव हिस्सा, जास्तीत जास्त 1500, सरकार देते. योजना चांगलीच आहे, आम्ही तिच्यातूनच पोरं घेतली. पण त्या एका पोराला दिवसभर कोण शिकवणार हे कोणत्याच योजनेत बसत नाही, ते ज्याचं त्यानं पाहावं लागते.

आयटीआयच्या पोरांबद्दल लोक लई वाईट बोलतात, मला ते पटत नाही. वेल्डरचा ट्रेड एक वर्षाचा, फिटर-टर्नरचा दोन वर्षांचा, तेवढ्यात पोरगं ड्रॉइंग वाचते, व्हर्नियर लावते, सेफ्टीचं त्याला कळते. आमच्या जुन्या माणसांना मिलिमीटर सांगा तं ते अजून सूत आणि इंचावर जातात. फक्त तिकडे त्यानं नव्या कोऱ्या प्लेटवर काम केलेलं असते आणि इथं येते ते गंजलेलं, चिखल लागलेलं, आधीच तीनदा कोणी कोणी जोडलेलं लोखंड. ट्रकच्या कमानपट्ट्याची पास बनवतात बरेच जण, ते स्टील कडक असते, साध्या 6013 नंबरच्या वेल्डिंग रॉडनं थंडंच जोडलं तं वरून सांधा मस्त दिसते आणि वावरात दुसऱ्या तासाला चटकन तुटते. ते आधी तापवावं लागते, 7018 रॉड सुकवून वापरावा लागते, आणि जोडल्यावर राखेत हळूहळू थंड होऊ द्यावं लागते, पाणी तं चुकूनही मारायचं नाही. हे मामाच्या हाताला माहीत आहे. मामाला विचारलं की किती तापवायचं तं ते म्हणतात, "पाहून कळते." आता "पाहून कळते" हे नव्या पोराला कसं शिकवायचं, आमची सगळी मेहनत याच्यावर गेली.

म्हणून सकाळी मशीन चालू करायच्या आधीचा अर्धा तास शिकवण्यासाठी ठेवला, सीझन असो नसो. एका दिवशी एकच गोष्ट. मामा करतात, आयटीआयचं पोरगं मोबाईलवर शूटिंग करते आणि मधे मधे विचारते, आता अँपिअर किती, आता रॉड कोणता, आणि ते भिंतीवर ऑइल पेंटनं लिहून ठेवते. भिंत भरत आली आहे. दुसरं म्हणजे प्रत्येक कामाला दोन माणसं तयार पाहिजे हा नियम केला. जिनच्या रोलरवर खाचा पाडायचं काम फक्त एकालाच येत होतं, त्याच्या घरी लग्न निघालं की जिनिंगवाल्याचे फोनवर फोन. डबल रोलर जिनचे रोलर लेदरचे असतात, घासून खाचा बुजल्या की रुई ओढत नाही, मशीन उभी राहते, आणि बाहेर कापसाच्या गाड्यांची लाइन. आता ते काम दोघांना येते. आठ माणसात हे जमवायचं म्हणजे प्रत्येकाला तीन-चार कामं यायलाच पाहिजे, आणि मला वाटते हाच लहान जागेचा खरा फायदा आहे. मोठ्या कंपनीत पोरगं एकच काम वर्षभर करते, आमच्याकडे तो कटिंगपासून पेंटिंगपर्यंत सगळं पाहते आणि गिऱ्हाईकाशी बोलायलाही शिकते.

मंग शिकलं की जाते. बुटीबोरीला जाते, चाकणला जाते. जाऊ द्यावं. त्याच्या घरी पैसा येते, आणि आमचा एक पोरगा तिकडून परत येऊन शेजारच्या गावात स्वतःचं दुकान टाकून बसला आहे, त्याचं जड काम आमच्याकडे येते.

माझी बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. आरटीईमधे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, 60 मुलांपर्यंत दोनच शिक्षक आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाला वर्षाला 50 तास प्रशिक्षण सांगितलं आहे, पण सर ट्रेनिंगला गेले की ही एकटी चार वर्ग सांभाळते, मोठी पोरं लहानांना वाचून दाखवतात. आमच्या आणि तिच्या अडचणीत काडीचाही फरक नाही. वर्धा जिल्ह्यात तं हे बोलणं नवं नाही, 1937 मधे गांधीजींनी शिक्षण परिषद इथंच भरवली, हातानं काम करता करता शिकायचं ही नई तालीम इथूनच निघाली आणि सेवाग्रामात चालली. शाळेवाल्यांनी मात्र एक सोय केलेली आहे, जवळपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र असते आणि सगळे शिक्षक एका शाळेत जमून शिक्षण परिषद घेतात, एकमेकाचं पाहतात. एकट्या दोन-शिक्षकी शाळेला जे जमत नाही ते दहा शाळा मिळून करतात.

हे ऐकून आम्ही आजूबाजूच्या वर्कशॉपवाल्यांना जमवलं. एकाकडे लेथवर जबरदस्त हात आहे, एक जण मोटर वाइंडिंग करते, एकाकडे शीट बेंडिंग आहे, आमच्याकडे मामा आहे. एकाकडचं पोरगं दुसऱ्यानं पळवायचं नाही हे आधी तोंडी पक्कं केलं, कारण सगळ्यांच्या मनात पहिली भीती तीच होती. पंधरा दिवसातून एका शनिवारी, एकाच्या वर्कशॉपात, सगळ्यांची पोरं. जिनिंग सुरू व्हायच्या आधीचा पहिला शनिवार लेथवाल्या भाऊकडे ठरला आहे. तालुक्यातल्या कोणाला आपलं पोरगं किंवा पोरगी पाठवायची असन तं पाठवा, फी काही नाही, फक्त चप्पल घालून नका पाठवू, बूट पाहिजे.